अहवालातला आकडा आणि मुलाची प्रतिकारशक्ती

एका आईने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांना दोन मुले आहेत. मोठा मुलगा जानेवारी २०२२ मध्ये, ओमायक्रॉनच्या लाटेत, घरातल्या सगळ्यांबरोबर आजारी पडला. तेव्हा तो ११ वर्षांचा होता. पुढच्याच महिन्यात त्याला १२ पूर्ण झाली आणि मे व जूनमध्ये त्याने कॉर्बेव्हॅक्स या कोव्हिड लशीचे दोन डोस घेतले. धाकटी मुलगी ऑगस्ट २०२१ ची. ती पोटात असताना आठव्या महिन्यात आईने लस घेतली होती. मुलीला स्वतःला मात्र कोव्हिडची एकही लस मिळालेली नाही. घरात सगळे आजारी होते तेव्हा ती पाच महिन्यांची होती, एक रात्र तिचे अंग गरम लागले, तपासणी कोणी केली नाही. मे २०२५ मध्ये पुन्हा रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आईने दोघांच्याही अँटिबॉडी तपासून घेतल्या. मुलाच्या अहवालात ‘२५० पेक्षा जास्त’ असे आले. मुलीच्या अहवालात विषाणूच्या स्पाइक या बाहेरच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी ३१, आणि खालच्या ओळीत, संसर्ग होऊन गेल्याची खूण मानल्या जाणाऱ्या, न्यूक्लिओकॅप्सिड या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी ‘निगेटिव्ह’. त्या विचारतात: मुलीला लस नाही, संसर्गाची खूणही नाही, मग हे ३१ आले कुठून? तिची प्रतिकारशक्ती भावापेक्षा आठपट कमी आहे असे समजायचे का? लस घेतल्यापासून मुलाला सारखी सर्दी होते, तर लशीमुळे अंगची ताकद कमी होते हे खरे का? आणि मुलीला आता कुठूनतरी लस मिळवून द्यावी का?

बालरोगतज्ज्ञ म्हणून तीस वर्षे काम करताना असे अहवाल घेऊन आलेले पालक मी पुष्कळ पाहिले आहेत, म्हणून अहवालापासूनच सुरुवात करतो. या चाचणीत ०.८० च्या वर आकडा आला की ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात. २५० ही यंत्राच्या मोजपट्टीची वरची कड आहे. रक्त पातळ करून पुन्हा लावल्याशिवाय यंत्र त्यापुढे मोजत नाही. म्हणजे मुलाचा खरा आकडा २६० असेल किंवा ६०००, आपल्याला ठाऊक नाही, आणि त्यामुळे ‘आठपट’ या हिशेबाला आधार नाही. दुसरे असे की ही चाचणी २०२० मधल्या मूळ विषाणूच्या स्पाइक प्रथिनावर बेतलेली आहे. २०२५ मध्ये फिरणारे विषाणू जेएन.१ या ओमायक्रॉनच्या उपप्रकाराच्या वंशातले होते आणि त्यांच्या स्पाइकचे रूप बरेच बदललेले होते. जुन्या स्पाइकला चिकटणाऱ्या अँटिबॉडी भरपूर असूनही नव्या विषाणूला त्या नीट अडवतीलच असे नाही. तिसरे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे, अमुक आकड्याच्या वर मूल सुरक्षित आणि खाली असुरक्षित अशी सर्वमान्य रेषा कोणीही आखलेली नाही. हिपॅटायटिस बी मध्ये १० ही रेषा आहे. कोव्हिडमध्ये तशी नाही.

आता ते ३१. बाळाला वारेतून आईच्या अँटिबॉडी मिळतात, हे खरे. परंतु त्या उसन्या असतात. दर तीन-चार आठवड्यांनी निम्म्या होत जातात आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुधा नाहीशा होतात. पावणेचार वर्षांच्या मुलीच्या रक्तात आईची अँटिबॉडी शिल्लक असणे शक्य नाही. लस तिला दिलेली नाही. तेव्हा हे ३१ तिने स्वतः, संसर्गातून कमावलेले आहेत: त्या गरम अंगाच्या रात्री, किंवा नंतर केव्हातरी, कोणाच्या लक्षातही न आलेल्या एखाद्या शेंबडाच्या आठवड्यात.

मग न्यूक्लिओकॅप्सिड निगेटिव्ह कसे? इथे मुलांच्या प्रतिकारशक्तीचा स्वभाव दिसतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्येच मुले आणि प्रौढ यांच्या अँटिबॉडींची तुलना केली होती. प्रौढांमध्ये स्पाइक आणि न्यूक्लिओकॅप्सिड या दोन्ही प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी होत्या. मुलांमध्ये त्या मुख्यतः स्पाइकविरुद्धच होत्या. स्पाइक हे विषाणूच्या अंगावरचे काटे, तर न्यूक्लिओकॅप्सिड हे त्याच्या पोटात, जनुकीय धाग्याभोवती गुंडाळलेले प्रथिन. पेशी मोठ्या संख्येने फुटल्या, विषाणूचा पसारा वाढला, की हे आतले प्रथिन शरीरासमोर येते. मुलांच्या शरीरात संसर्ग तिथवर पोहोचण्याआधीच आटोपतो, असा त्याचा अर्थ त्या संशोधकांनी लावला आणि मला तो पटतो. म्हणून लहान मुलाच्या बाबतीत ‘न्यूक्लिओकॅप्सिड निगेटिव्ह’ याचा अर्थ संसर्ग झालाच नाही, असा घेता येत नाही.

याच ओळीबद्दल आणखी एक बाब सांगून ठेवतो, कारण तिच्यावरून ओपीडीत बरेच घोळ होतात. कॉर्बेव्हॅक्समध्ये स्पाइकचा फक्त एक तुकडा असतो, जो पेशीला चिकटतो तेवढाच. तो यीस्टमध्ये तयार करतात. त्यामुळे कॉर्बेव्हॅक्स घेतलेल्या मुलात न्यूक्लिओकॅप्सिड पॉझिटिव्ह आले तर त्याला प्रत्यक्ष संसर्ग झालेला आहे. कोव्हॅक्सिनमध्ये मात्र अख्खा मारलेला विषाणू असतो, पोटातल्या प्रथिनासह. त्यामुळे कोव्हॅक्सिन घेतलेल्या मुलात तीच ओळ पॉझिटिव्ह आली तर ती लशीमुळे की आजारामुळे हे त्या कागदावरून सांगता येत नाही. कोणती लस घेतली हे न विचारता अहवाल वाचणे व्यर्थ आहे.

मुलांना हा आजार सौम्य का होतो, याचे पहिले उत्तर २०२० मध्ये मिळाले ते असे की विषाणू पेशीत शिरताना ज्या एसीई-२ प्रथिनाचा कडीसारखा उपयोग करतो, ते दहा वर्षांखालील मुलांच्या नाकात कमी असते. निरीक्षण खरे होते, पण पुरेसे नव्हते. कारण पुढे अनेक ठिकाणी मुलांच्या नाकात विषाणूचे प्रमाण प्रौढांइतकेच सापडले. दार लहान असूनही चोर आत येतच होता, फक्त त्याच्या हाती फार काही लागत नव्हते. याचा अधिक चांगला उलगडा बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी २०२१ मध्ये केला. नाकाच्या अस्तरातील पेशींमध्ये विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा, हुंगणारी काही प्रथिने असतात. विषाणू सापडला की ती इंटरफेरॉन नावाचा रासायनिक इशारा सोडायला लावतात आणि शेजारच्या पेशी दारे लावून घेतात. मुलांच्या नाकात ही हुंगणारी प्रथिने संसर्गाआधीच जास्त प्रमाणात तयार असतात. मोठ्या माणसाच्या नाकात गस्तीवाल्याला उठवावे लागते. मुलाच्या नाकात तो जागाच असतो.

ही काही तासांची आघाडी फार मोलाची आहे, कारण करोना विषाणूची सगळी हातचलाखी पहिल्या एक-दोन दिवसांत इंटरफेरॉन दाबून ठेवण्यात आहे. ते दाबले गेले की विषाणू फुप्फुसात उतरतो आणि मग उशिरा जागी झालेली यंत्रणा घर वाचवण्याच्या नादात घरच जाळते. प्रौढांमध्ये हे किती निर्णायक होते याचा पुरावा २०२० मध्येच आला: गंभीर आजारी रुग्णांपैकी सुमारे १० टक्के लोकांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. सत्तरीनंतर अशा अँटिबॉडींचे प्रमाण झपाट्याने वाढते. मुलांमध्ये त्या क्वचितच आढळतात. याशिवाय मुलांच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी असते, मधुमेह व रक्तदाब नसतो, आणि छातीतली थायमस ग्रंथी नव्या कोऱ्या टी पेशींचा (संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पेशींचा) पुरवठा अजून जोरात करीत असते. सर्दी करणारे चार जुने करोना विषाणू बालवाडीत सतत फिरत असतात, त्यांच्या ओळखीचाही थोडा उपयोग होत असावा. बीसीजी या क्षयाच्या लशीचा मात्र नाही. २०२० मध्ये आपल्याकडे कित्येकांनी दंडावरचा तो वण अभिमानाने दाखवला होता; पण पाच देशांतील आरोग्य कर्मचाऱ्यांवर झालेल्या ब्रेस चाचणीत बीसीजीमुळे कोव्हिडपासून संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही.

आता अडचणीचा भाग. गस्तीवाला इतका तत्पर असेल तर पुढचे खाते, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींची आणि टी पेशींची स्मृती, मुलांत नीट तयार होते का? यावर अभ्यासांत खरोखरच मतभेद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मेलबर्नमध्ये २०२० मधील संसर्गांचा अभ्यास झाला. नाकात विषाणू साधारण सारखाच असूनही संसर्ग झालेल्या मुलांपैकी ३७ टक्क्यांत अँटिबॉडी तयार झाल्या, प्रौढांत ७६ टक्क्यांत. याउलट इंग्लंडमध्ये ३ ते ११ वर्षांच्या शाळकरी मुलांचा अभ्यास झाला, त्यात मुलांच्या अँटिबॉडी सहा महिन्यांनंतरही टिकून होत्या आणि स्पाइक ओळखणाऱ्या टी पेशींचा प्रतिसाद प्रौढांच्या दुप्पट होता. अगदी तान्ह्या बाळांवरचा २०२३ मधील एक अमेरिकी अभ्यास तर सांगतो की प्रौढांच्या अँटिबॉडी चढून उतरू लागतात, पण बाळांच्या तीनशे दिवसांपर्यंत तशाच राहतात. आणि आजारात त्यांच्या नाकात दाहक रसायने भरपूर असतात, रक्तात मात्र फारशी नसतात.

दोन्ही बाजूंचे संशोधक काळजीपूर्वक काम करणारे आहेत, तेव्हा एकाला खोटे ठरवण्यापेक्षा दोन्ही खरे कसे असू शकतात हे पाहावे. माझी समजूत अशी आहे: ज्या मुलाने विषाणू नाकातच संपवला, त्याच्या रक्ताला फारसे काही कळतच नाही, त्यामुळे रक्तातली नोंदही पुसट राहते; ज्याच्यात विषाणू थोडा पुढे गेला, त्याची नोंद ठळक आणि टिकाऊ होते. म्हणजे कमी आकडा कधी कधी दुबळेपणाची नव्हे तर लढाई लवकर संपल्याची खूण असते. तुमच्या मुलीचे ३१ मी असेच वाचतो. शिवाय टी पेशी आणि नाकातल्या श्लेष्मल त्वचेतील अँटिबॉडी त्या चाचणीत मोजल्याच जात नाहीत, आणि गंभीर आजार अडवण्याचे बरेचसे काम टी पेशींचे असते.

संसर्ग आपल्या मुलांत किती पसरला होता, याचे आकडे उपलब्ध आहेत. मुंबई महापालिकेने एप्रिल ते जून २०२१ या काळात १८ वर्षांखालील मुलांच्या रक्ताचे २,१७६ नमुने तपासले, त्यांत ५१ टक्क्यांमध्ये अँटिबॉडी सापडल्या. त्याच जून-जुलैमध्ये आयसीएमआरच्या चौथ्या देशव्यापी सर्वेक्षणात ६ ते ९ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ५७.२ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या मुलांत ६१.६ टक्के आले. मुलांसाठी तेव्हा एकही लस वापरात नव्हती. म्हणजे लस येण्याआधीच निम्म्याहून अधिक मुलांची या विषाणूशी गाठ पडून गेली होती आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पालकांना ते ठाऊकही नव्हते. त्यानंतर ओमायक्रॉन येऊन गेला.

सौम्य म्हणजे सर्वांसाठी सौम्य नव्हे, हे सांगणे आवश्यक आहे. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी इशारा दिला की काही मुले संसर्गानंतर काही आठवड्यांनी अत्यंत आजारी होऊन येत आहेत. त्या आजाराला, म्हणजे संसर्गानंतर अनेक अवयवांत उसळणाऱ्या दाहाला, आपण एमआयएस-सी म्हणतो. जून २०२१ मध्ये माझ्याकडे आलेला एक नऊ वर्षांचा मुलगा अजून डोळ्यांसमोर आहे. पाच दिवस ताप, डोळे लाल पण चिपडे नाहीत, ओठ फुटलेले, आणि पोटात इतके दुखत होते की आधी ॲपेंडिक्स समजून सर्जनला बोलावले होते. आरटीपीसीआर निगेटिव्ह. घरात महिन्यापूर्वी वडिलांना कोव्हिड होऊन गेला होता, या मुलाला काहीच झाले नव्हते. नाडी धावत होती, हातपाय गार, रक्तदाब कमी. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग मंदावलेले दिसले. सीआरपी आणि फेरिटिन हे रक्तातले दाहाचे आकडे चढलेले. त्याला इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी) आणि मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सलाइनमधून दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने खिचडी मागितली, तेव्हा आम्ही सगळ्यांनीच श्वास सोडला. दोन आठवड्यांनी केलेला इको व्यवस्थित होता. अशा मुलात अँटिबॉडीची चाचणी खरोखर उपयोगी पडते, कारण महिन्यापूर्वीचा मूक संसर्ग तिच्यातून कळतो. उगाच केलेली चाचणी आणि कारणाने केलेली चाचणी यांत हा फरक आहे.

या आजारात नेमके काय बिघडते, याचा एक धागा २०२४ मध्ये हाती लागला. एमआयएस-सी झालेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांत एसएनएक्स८ नावाच्या स्वतःच्याच प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी होत्या, आणि या प्रथिनाचा एक तुकडा विषाणूच्या न्यूक्लिओकॅप्सिडच्या एका तुकड्याशी मिळताजुळता आहे. चोराच्या वर्णनाशी जुळणारा घरचाच माणूस पकडला जावा, तसा हा प्रकार. ओमायक्रॉननंतर एमआयएस-सी फारच विरळ झाला. लशीमुळेही तो टळतो: अमेरिकेत १२ ते १८ वर्षांच्या मुलांत फायझरच्या दोन डोसांनी त्याचा धोका ९१ टक्क्यांनी कमी झाल्याचे डेल्टाच्या काळात दिसले होते.

लशीकडे वळतो. पालकांचा नेहमीचा प्रश्न असतो, “डॉक्टर, एवढ्याशा पोराला मोठ्यांचाच डोस?” औषधाचा डोस वजनावर ठरतो, कारण औषध अंगभर पसरून पातळ होते. लशीचे तसे नसते. ती दंडातून काखेतल्या गाठींपर्यंत जाते आणि तिथल्या पेशींना शिकवते. तेव्हा प्रश्न वजनाचा नसून त्या वयाच्या पेशी किती चटकन शिकतात याचा असतो. मुले चटकन शिकतात. फायझरच्या चाचणीत १२ ते १५ वर्षांच्या मुलांना प्रौढांइतकाच ३० मायक्रोग्रॅमचा डोस दिला, तेव्हा त्यांच्या अँटिबॉडी १६ ते २५ वयोगटापेक्षा पावणेदोन पट भरल्या. ५ ते ११ वर्षांसाठी १० मायक्रोग्रॅम पुरले. त्याखालच्या मुलांसाठी ३ मायक्रोग्रॅम ठरवले, पण २ ते ४ वर्षांच्या मुलांत दोन डोसांनी अपेक्षित पातळी गाठली गेली नाही आणि तिसरा द्यावा लागला. डोस फार कमी केला की हुशार विद्यार्थ्यालाही धडा अपुरा पडतो. कोव्हॅक्सिनची चाचणी २ ते १८ वर्षांच्या ५२६ मुलांवर झाली. तिथे डोस प्रौढांचाच, सहा मायक्रोग्रॅम, २८ दिवसांच्या अंतराने दोनदा. आणि मुलांच्या अँटिबॉडी प्रौढांच्या सरासरी १.७ पट आल्या.

आपल्या देशात ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयोगटाला कोव्हॅक्सिन आणि १६ मार्च २०२२ पासून १२ ते १४ वयोगटाला कॉर्बेव्हॅक्स मिळू लागले. एप्रिल २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांनी त्याहून लहान मुलांसाठीही या लशींना आपत्कालीन परवानगी दिली, पण सरकारी मोहीम १२ च्या खाली कधी उतरली नाही. तुमच्या मुलीला लस ‘राहून गेली’ असे वाटून घेऊ नका. तिच्या वयाच्या मुलांना ती आपल्याकडे दिलीच गेली नाही. मुलाच्या बाबतीत जानेवारीतला आजार आणि मेमधला पहिला डोस यांत तीन महिन्यांहून जास्त अंतर पडले, तेही नियमाला धरूनच होते. आधी संसर्ग, नंतर लस, या क्रमाने तयार होणारी संमिश्र प्रतिकारशक्ती एकेकटीपेक्षा रुंद आणि टिकाऊ असते.

लशीची मर्यादाही सांगतो. ओमायक्रॉन आल्यावर साध्या संसर्गाविरुद्धचे संरक्षण काही महिन्यांतच ओसरले. टिकले ते गंभीर आजाराविरुद्धचे. दुष्परिणामांत हृदयाच्या स्नायूला येणारी सूज ही खरी, मोजलेली गोष्ट आहे: अमेरिकेत फायझरच्या दुसऱ्या डोसानंतर १६-१७ वर्षांच्या मुलग्यांत दर दहा लाख डोसांमागे सुमारे १०६ आणि १२ ते १५ वर्षांच्या मुलग्यांत सुमारे ७१ नोंदी झाल्या. बहुतेक मुले थोड्या उपचारांनी बरी झाली. पण हे फायझरसारख्या एमआरएनए प्रकारच्या (पेशींना स्पाइक बनवायची सूचना देणाऱ्या) लशींबद्दल आहे आणि त्या भारतात मुलांच्या मोहिमेत वापरल्याच गेल्या नाहीत. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली तीही १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीच. व्हॉट्सॲपवर फिरणारे अमेरिकी आकडे इथल्या कॉर्बेव्हॅक्स घेतलेल्या मुलाला लावू नयेत.

लशीने अंगची ताकद कमी होते का? नाही. शरीरात कोट्यवधी वेगवेगळ्या ओळखींच्या पेशी असतात, त्यांतल्या मूठभर या एका प्रथिनाकडे लागतात. बाकीच्यांचे काही उणे होत नाही. या अफवेच्या तळाशी सत्याचा एक कण आहे, तोही सांगतो. विषाणूचे जे रूप शरीर पहिल्यांदा पाहते, त्याचा ठसा खोल उमटतो आणि पुढे बदललेले रूप आले तरी जुन्या ओळखीच्या पेशीच आधी धावतात. पण हा ठसा लशीने जसा उमटतो तसा संसर्गानेही उमटतो, आणि त्याचा संबंध फक्त याच विषाणूशी आहे, इतर सर्दींशी नाही. अंगची ताकद खरोखर पुसून टाकणारा आजार पाहायचा असेल तर तो गोवर. गोवर होऊन गेल्यावर मुलाच्या आधीच्या अँटिबॉडींच्या साठ्यातील ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा होतो, असे २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांच्या अभ्यासात दिसले. आणि कोव्हिडच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण मागे पडले त्याची परतफेड आपण २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गोवंडीत केली. मुंबई, भिवंडी, मालेगाव इथे गोवराची साथ पसरली आणि तीत मुले दगावली. कोव्हिडच्या लशीवर रात्र रात्र वाद घालणाऱ्या घरांतही नऊ महिन्यांचा एमआर (गोवर-रुबेला लशीचा डोस) राहून गेलेला मी पाहिला आहे.

मुलाच्या सर्दीचे कारण मला वेगळे दिसते. २०२० ते २०२२ शाळा बंद, तोंडाला मास्क. २०२२ च्या उन्हाळ्यानंतर सगळे एकदम उघडले आणि दोन वर्षांची थकलेली सर्दी-पडशी एकत्र वसूल झाली. लस त्याच सुमारास दिली गेली म्हणून ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. पण आता तीन वर्षे झाली. पंधरा वर्षांच्या मुलाला अजूनही ‘सारखी सर्दी’ असेल तर काही गोष्टींकडे लक्ष द्या: सकाळी उठल्यावर ओळीने शिंका येतात का, नाक खाजते का, तळहाताने नाक वर घासायची सवय आहे का, ताप मात्र कधीच नसतो का? तसे असेल तर ती सर्दी संसर्गाची नसून ॲलर्जीची आहे; तिचा इलाज नाकातला स्प्रे रोज आणि बरोबर पद्धतीने मारण्यात आहे, प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या सिरपांत नाही. त्या सिरपांवर खर्च केलेले पैसे वाया जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलीला लस शोधून द्यावी का, याचे माझे उत्तर ‘नको’ असे आहे, ती एरवी निरोगी आहे असे धरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने मार्च २०२३ मध्येच ६ महिने ते १७ वर्षे वयाची निरोगी मुले कमी प्राधान्याच्या गटात टाकली. आपल्या राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात ही लस नाही. अमेरिकेनेही मे २०२५ मध्ये निरोगी मुलांसाठीची सरसकट शिफारस मागे घेऊन निर्णय पालक आणि डॉक्टरांवर सोडला. मुलीच्या शरीराने विषाणू पाहिलेला आहे आणि तो पुन्हा भेटला तर ओळख ताजी होईल. तिला रक्ताचा कर्करोग असता, अवयव प्रत्यारोपण झाले असते, मूत्रपिंडाच्या आजारासाठी स्टिरॉइड चालू असती किंवा जन्मजात हृदयविकार असता, तर मी वेगळा विचार केला असता आणि अद्ययावत लस कुठे मिळेल याचा शोध घ्यायला सांगितले असते. घरात पुढे कोणी गरोदर राहिले तर तिच्या लशीबद्दल मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांशी जरूर बोलावे. मुलांमध्ये सर्वाधिक धोका सहा महिन्यांखालील बाळांना असतो आणि त्यांना स्वतःला लस देता येत नाही. गरोदरपणी आईने एमआरएनए लशीचे दोन डोस घेतले तर अशा बाळांची कोव्हिडसाठी रुग्णालयात भरती होण्याची शक्यता ६१ टक्क्यांनी घटते, असे अमेरिकेत दिसले. तुम्ही आठव्या महिन्यात घेतलेला डोस जानेवारीतल्या त्या रात्री मुलीच्या कामी आला असण्याची बरीच शक्यता आहे.

घरात कोणाला ताप-खोकला होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांत मुलांपैकी कोणाला तीन दिवसांहून अधिक ताप राहिला आणि सोबत डोळे लाल, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब किंवा पोटात जोराचे दुखणे यांतले काही असेल, तर क्रोसिन देत घरी थांबू नका. डॉक्टरांना मागच्या आजारपणाची तारीख आवर्जून सांगा. मुलीचे एमआरचे दोन्ही डोस झाले आहेत का हे तिच्या कार्डावर आज पाहून घ्या. इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर द्या. तिच्या वयात त्या लशीचा उपयोग कोव्हिडच्या लशीपेक्षा जास्त आहे. ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लशीचा) दुसरा बूस्टर ऑगस्ट २०२६ मध्ये, पाच वर्षे पूर्ण झाल्यावर येईल. अँटिबॉडीची चाचणी मात्र पुन्हा करू नका. दोघांचेही अहवाल फाइलमध्ये लावून ठेवा आणि मुलाच्या अहवालावर पेनाने लशीचे नाव व दोन्ही तारखा लिहा, म्हणजे पुढे कोणी तो कागद वाचला तर त्याचा चुकीचा अर्थ लागणार नाही.